बालकांचा आहार आणि पालकांचा विवेक

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पन्नास वर्षांच्या काळात संस्थेची वास्तू बदलते, कार्यकर्त्यांच्या पिढ्या बदलतात, तसा घरातील मुलाचा डबाही बदलतो. ज्यांनी बालपणी पाठशाळेत पहिला पाठ गिरवला, त्यांच्या डब्यात पोळी-भाजी, भाकरी-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे असत. त्यांच्या नातवंडांच्या दप्तरात आज बिस्किटांचा पुडा, जॅम लावलेला पाव आणि नळी खोचलेला रसाचा खोका असतो. या बदलाकडे पाहून हळहळण्याने काही साधत नाही. आजीच्या काळी प्रश्न होता तो सर्वांना पोटभर कसे मिळेल हा. आजच्या मातेपुढील प्रश्न आहे तो दुकानात मांडलेल्या शेकडो वस्तूंतून काय घ्यावे आणि काय ठेवून द्यावे हा. पहिला प्रश्न कष्टाने सुटत होता. दुसरा नुसत्या कष्टाने अथवा पैशाने सुटत नाही. त्याला माहिती लागते, सातत्य लागते आणि प्रसंगी लाडक्या लेकराला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य लागते.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे आकडेच सांगतात. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते. संपन्न घरांतील बालकेही यातून सुटलेली नाहीत. याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे एकीकडे रक्त कमी, दुसरीकडे चरबी अधिक. आणि पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या ठायी नांदतात. पोट भरते, परंतु शरीराचे पोषण होत नाही. मुलाचे गाल गुबगुबीत आहेत एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालकांनी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

निवड ताटाच्या आधी होते

मूल काय खाईल हे मुलाच्या हाती आहे, की पालकांच्या? या प्रश्नावर सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ स्त्रीने एक विलक्षण प्रयोग केला. नुकतेच दूध सुटू लागलेल्या पंधरा बालकांपुढे तिने चौतीस प्रकारचे साधे, नैसर्गिक पदार्थ ठेवण्याची व्यवस्था केली. धान्ये, फळे, भाज्या, दूध यांचा त्यांत समावेश होता. परिचारिकेने आग्रह करावयाचा नाही, सुचवावयाचे नाही. बालकाने बोट दाखविले तरच घास पुढे करावयाचा, असा दंडक होता. आज असा प्रयोग करण्यास अनुमती मिळणार नाही, परंतु १९३९ मध्ये तिने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही उद्बोधक आहेत. कोणत्याही दोन बालकांचा आहार सारखा नव्हता. कोणी एक पदार्थ काही दिवस भरपूर खाई आणि मग त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. असे असूनही सर्व बालके उत्तम वाढली.

यावरून ‘मुलाला कळते, त्याला हवे ते खाऊ द्यावे’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. डेव्हिसने स्वतःच स्पष्ट केले होते की या यशाचे रहस्य पदार्थांच्या यादीत आहे. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, मिठाई नव्हती, कारखान्यात रूप बदललेले काहीही नव्हते. त्यामुळे बालकाने कोणत्याही वस्तूकडे बोट दाखविले तरी ते हितकर वस्तूकडेच जात होते. यादी मोठ्यांनी केली आणि निवड लहानांनी केली. घरातील आहाराचे सारे शास्त्र या एका सूत्रात सामावले आहे. फडताळात वेफर्सचे पुडे रचून ठेवायचे आणि मुलाने फळ मागावे अशी अपेक्षा धरायची, हा मुलावर अन्याय आहे. पालकांची खरी निवड जेवणाच्या वेळी नव्हे, तर महिन्याचा किराणा भरताना होते.

आरंभ पाळण्यापासून

ही निवड फार लवकर सुरू होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बालकांपेक्षा ती बरीच कृश होती, परंतु त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक होते. पुढे मधुमेहाकडे झुकणाऱ्या देहाची ही पूर्वखूण मानली जाते. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा नियमित समावेश होता, त्यांची बालके जन्मतः अधिक सुदृढ होती, असेही या अभ्यासात दिसून आले. म्हणूनच घरातील मुलीच्या ताटाकडे अधिक लक्ष हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दररोज १६ मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलीला २८ मिलिग्रॅम लोहाची आवश्यकता असते. जेथे दुधाचा मोठा पेला मुलाला आणि उरलेला मुलीला अशी रीत अजूनही चालते, तेथे निसर्गाचा हिशेब नेमका उलट आहे, हे सांगावेसे वाटते.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाबरोबर पूरक आहार. येथे अनेक घरांत एक जुनी समजूत आड येते. वरणाचे वरचे पाणी, भाताची निवळ, पातळ पेज यांनाच पौष्टिक समजून बाळाला ते पाजले जाते. त्या पाण्यात सत्त्व फार थोडे असते. सत्त्व असते ते तळाशी बसलेल्या घट्ट डाळीत. बाळाचे पोट लहान, त्यामुळे प्रत्येक घास दाट हवा. मऊ शिजवून घोटलेली मुगाची खिचडी आणि वर साजूक तूप, नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेले केळे, शिजवून मऊ केलेला लाल भोपळा, हा उत्तम आरंभ आहे. दोन वर्षांपर्यंत तूप-तेलाची धास्ती बाळगू नये. वाढत्या मेंदूला स्निग्धाची गरज असते. साखर आणि मीठ मात्र पहिल्या वर्षी टाळावे. जैन घरांत मध वर्ज्यच आहे. वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नये असेच बजावते, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. शेंगदाणे, फुटाणे, बदाम हे लहान मुलांना अख्खे न देता कूट करूनच द्यावेत; ते श्वासनलिकेत अडकून अनर्थ ओढवतो.

एक वर्षानंतर बहुतेक माता एकच तक्रार करू लागतात, ‘पूर्वी छान खायचा, आता काहीच खात नाही.’ याचे कारण साधे आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. ही निसर्गाची योजना आहे, आजार नव्हे. मूल पुरेसे खाते की नाही, याचा निवाडा शेजारच्या मुलाशी तुलना करून करू नये. माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेख त्यासाठीच असतो. वजन-उंचीची रेषा आपल्या मार्गाने वर जात असेल, मूल खेळत-बागडत असेल, तर दोन घास कमी गेल्याची चिंता सोडून द्यावी. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र विलंब न लावता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

याच वयात दुधाचा अतिरेकही होतो. जेवत नाही म्हणून मातेच्या हाती दुधाची बाटली येते. बाटलीने पोट भरले की मूल आणखी जेवत नाही. दूध हे पूर्णान्न म्हणून गौरविले गेले असले तरी त्यात लोह नगण्य असते. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या आणि इतर काही न खाणाऱ्या लहान बालकांत रक्तक्षय आढळतो, तो यामुळेच.

शाकाहारी ताटाचा हिशेब

शाकाहारावर वाढणाऱ्या मुलाला प्रथिने कमी पडतात, असे जाहिरातींतून वारंवार ऐकू येते आणि त्याच दमात एखादी महागडी पूड पुढे केली जाते. हा हिशेब घरच्या घरी मांडून पाहावा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दररोज सुमारे २३ ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता असते. तीस ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाच्या वाटीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. अशा वरण किंवा उसळीच्या दोन वाट्या, एक पेला दूध आणि तीन-चार पोळ्या अथवा भाकऱ्या एवढ्यात ही गरज भागून वर उरते. धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी ते धान्यात. वरण-भात, खिचडी, थालीपीठ, मुगाचे धिरडे, डाळ-ढोकळी या पदार्थांची जोडी पूर्वजांनी अनुभवाने जुळविली, तिला शास्त्राचा पूर्ण दुजोरा आहे. मात्र वरण म्हणजे पिवळे पाणी नव्हे. चमचा बुडवला तर डाळ लागली पाहिजे.

लोहाची गोष्ट वेगळी. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. परंतु त्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले, तर शोषण लक्षणीय वाढते. मराठी ताटात डाव्या बाजूला वाढली जाणारी लिंबाची फोड हे काम करते. वरण-भातावर, उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळण्याची सवय मुलांना लहानपणीच लावावी. आवळा, पेरू यांनीही तेच साधते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. शाळकरी मुलांना चहाची सवय न लागलेलीच बरी. बाजरी, पालेभाज्या, मटकी, चवळी, हरभरे, तीळ, राजगिरा ही लोहाची घरगुती भांडारे होत. कडधान्याला मोड आणल्याने शोषणातील अडसर कमी होतात. ज्या घरांत मोड आलेली कडधान्ये वर्ज्य आहेत, तेथे लिंबू-आवळ्याचा आधार अधिक घ्यावा. गूळ मात्र लोहाचे औषध समजून सढळ हाताने देऊ नये. त्यात लोह थोडे आणि साखर फार असते.

हाडांसाठी दुधाच्या जोडीला नाचणी आणि तीळ यांचे स्मरण ठेवावे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर तिळात त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. तिळाची चटणी ताटात कायम असावी. आणि कॅल्शियम पचनी पडण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व हवे, ते मुख्यत्वे उन्हातून मिळते. सबब आहाराचा विचार करताना मैदानाचा विचार सुटू नये.

कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत गाजराअभावी ‘अ’ जीवनसत्त्व कसे मिळेल, ही शंका अनाठायी आहे. लाल भोपळा, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, माठ, मेथी यांतून ते भरपूर मिळते. चातुर्मासात अथवा तिथीला हिरवी भाजी ताटात नसते, तेव्हा डाळी, कडधान्ये आणि दूध यांचे प्रमाण वाढवून ताट भरून काढावे. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम असलेल्या घरांत शाळेतून आल्यावर मुलाला बिस्किटे देऊन भूक मारू नये. तीच भूक थेट जेवणाकडे वळवावी. असे केल्यास संध्याकाळच्या अरबट-चरबट खाण्याला वावच उरत नाही.

एका बाबतीत मात्र शाकाहारी पालकांनी डोळस राहणे अत्यावश्यक आहे. ती बाब म्हणजे ‘ब-१२’ जीवनसत्त्व. ते धान्य, डाळ, भाजी, फळ यांतून मिळत नाही. शाकाहारी घरात त्याचा भरवशाचा स्रोत म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रव्यापी पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातील ३१ टक्के मुला-मुलींत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. थकवा, जिभेचा दाह, हातापायांना मुंग्या, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची काही लक्षणे; पण ती आळस समजून मुलाला बोल लावला जातो. गर्भवती मातेत ही कमतरता असेल, तर अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. रक्ताच्या साध्या तपासणीने निदान होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेऊन ती भरून काढता येते. शाकाहाराची निष्ठा आणि ही गोळी यांत कोणताही विरोध नाही. निष्ठा दृढ असेल, तर तिची एकमेव उणी बाजू जाणून ती भरून काढणे हे निष्ठावंताचेच कर्तव्य ठरते.

पाकिटाची मागची बाजू

जैन कुटुंबांना एक सवय पूर्वीपासून आहे. पाकीट हाती आले की हिरवा ठिपका पाहावयाचा, मागची बारीक अक्षरे वाचून वर्ज्य काही आहे का याची खात्री करावयाची. ही सवय फार मोलाची आहे. तिचा थोडा विस्तार करावा, एवढेच मागणे आहे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो हितकर आहे असे सांगत नाही. साखर, मैदा आणि पामतेल ही तिन्ही शाकाहारीच आहेत.

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी सतरा आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत वेष्टणावरील मजकूर वाचून निवड करावी हेही एक सूत्र आहे. वाचावे कसे, हे थोडक्यात असे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पहिल्या तीन नावांत साखर अथवा मैदा असेल, तर तो पदार्थ मुख्यतः तोच आहे. साखर अनेक वेष धारण करते: लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही सारी तिचीच भावंडे. पोषणाच्या तक्त्यात ‘एका वाढणीचे’ आकडे न पाहता शंभर ग्रॅमचे आकडे पाहावेत, कारण वाढणी किती लहान धरावयाची हे उत्पादकच ठरवितो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. फळांच्या चित्रांनी सजलेल्या पेयात फळाचा अंश कायद्याने किमान दहा टक्के असला तरी पुरतो. उरलेले बहुतांश पाणी आणि साखर.

आता एका सामान्य शाळकरी मुलाच्या दिवसाची बेरीज मांडावी. सकाळ-संध्याकाळ दुधात पूड आणि वर दोन चमचे साखर, मिळून सुमारे ३० ग्रॅम साखर. चार क्रीमची बिस्किटे, १४ ग्रॅम. पावावरचा जॅम, १३ ग्रॅम. शाळेतून येताना दोनशे मिलिलिटरचे फळांचे पेय, २५ ग्रॅम. एकूण ८२ ग्रॅम. या मुलाने मिठाई खाल्लेली नाही, चॉकलेट खाल्लेले नाही. आईच्या मते त्याने ‘दूध, बिस्किट आणि ज्यूस’ घेतले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रानुसार अशी साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी आणि शक्य तर पाच टक्क्यांहून कमी असावी. सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी हे अनुक्रमे सुमारे ४२ आणि २१ ग्रॅम होतात. म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट साखर, आणि तीही निरुपद्रवी नावांनी, एका साध्या दिवसात पोटात जाते. दुधातील पुडीला ‘आरोग्यपेय’ म्हणण्याची प्रथा पडली होती. अन्नसुरक्षा कायद्यात अशी कोणतीही व्याख्या नसल्याने एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाखाली अशी पेये न दाखविण्याची सूचना दिली. नावाने भुलून जाण्याचे दिवस आता सरले पाहिजेत.

महाग ते पौष्टिक, हाही असाच एक भ्रम. आजारी मुलासाठी परदेशी सफरचंद आणले जाते आणि दारचा पेरू दुर्लक्षिला जातो. पेरूत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या सुमारे चौपट असते. सफरचंदात ते अगदीच थोडे. आवळा, बोर, जांभूळ, करवंद, चिकू, पपई ही हंगामी फळे मुलांच्या ओळखीची राहतील, हे पाहणे पालकांच्या हाती आहे.

आग्रह, आमिष आणि अनुकरण

योग्य पदार्थ निवडला तरी मूल तो खाईलच असे नाही. तेथे पालकांच्या संयमाची कसोटी लागते. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. नवा पदार्थ मुलाला आवडण्यासाठी तो आठ-पंधरा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो. बहुतेक पालक तीन-चार प्रयत्नांतच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतात. दुसरे, जबरदस्तीने भरविलेला पदार्थ नावडता होतो. तिसरे, बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ अधिक प्रिय होतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ या एका वाक्याने माता नकळत दोन धडे देते: भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे पारितोषिक आहे.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ महिलेने याच काळात जबाबदारीची एक सुंदर वाटणी सुचविली. काय, केव्हा आणि कोठे खावयाचे हे पालकांनी ठरवावे; किती खावयाचे आणि खावयाचे की नाही हे मुलाने ठरवावे. भारतीय मातेला हे सूत्र कठोर वाटते. येथे घास भरविणे हेच वात्सल्याचे रूप आहे. मूल न जेवता उठले तर आजीला रात्री झोप येत नाही. या मायेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु चित्रफीत लावून, मुलाचे ध्यान नसताना घास कोंबले जातात, तेव्हा त्याची भूक ओळखण्याची शक्ती क्षीण होते. पोट भरल्याची जाणीव ही जन्मतः लाभलेली ठेव आहे. ती लहानपणी हरवली, तर मोठेपणी परत मिळविणे फार कठीण जाते. वाढलेले पान स्वच्छ करण्याचा संस्कार राखावयाचा असेल, तर त्याचा सोपा मार्ग आहे: आरंभी थोडेच वाढावे आणि मुलाला पुन्हा मागू द्यावे. अन्न वाया जात नाही आणि बळजबरीही होत नाही.

सर्वांत प्रभावी शिक्षण मात्र अनुकरणाचे. पित्याने कारल्याची भाजी बाजूला सारली, तर मुलगा ती खाणार नाही. दिवसातून एक जेवण तरी सर्व कुटुंबाने, दूरदर्शन आणि मोबाइल बाजूला ठेवून, एकत्र घ्यावे. मुलांना शेंगा निवडू द्याव्यात, पालेभाजी खुडू द्यावी, भाकरी थापून पाहू द्यावी. ज्या पदार्थाला हात लागले, त्याबद्दल आपुलकी निर्माण होते.

घराबाहेरची जबाबदारी

एकट्या मातेने सारे करावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. मूल शाळेत, वाढदिवसाला, समारंभांत खाते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अपायकारक पदार्थ दूर करण्याचा निर्णय घेतला. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून पन्नास मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावून मुलांना साखरेचे प्रमाण समजावून सांगण्यास कळविले. नियम झाले, परंतु त्यांचे पालन होते का हे पाहण्यास पालक-शिक्षक संघाशिवाय दुसरा पहारेकरी नाही.

आणि येथे संस्थेलाही एक छोटे पाऊल टाकता येईल. पाठशाळेत मुलांना प्रभावना म्हणून जे वाटले जाते, त्याची गोडी मुलांच्या मनात धर्मस्थानाच्या आठवणीशी कायमची जोडली जाते. तेथे कारखान्यातील चॉकलेट आणि वेफर्सऐवजी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे-खारीक किंवा हंगामातील फळ दिले, तर मुलांचे हित होईल आणि घरोघरी एक संदेश पोहोचेल. चिक्कीतही गूळ आहेच. पण तिच्याबरोबर शेंगदाण्याची प्रथिनेही पोटात जातात.

या साऱ्याचा अर्थ घर म्हणजे पथ्याचे रुग्णालय करावे, असा मुळीच नाही. सणाला पुरणपोळी व्हावी, वाढदिवसाला गोड व्हावे, सहलीत भेळ खावी. आनंदाचे खाणे आनंदाने, मोजून-मापून अपराधाची भावना न देता खाऊ द्यावे. प्रश्न सणाच्या दिवसांचा नाही. उरलेल्या तीनशे साध्या दिवसांचा आहे. त्या दिवसांत डब्यात काय भरले जाते, त्यावर मुलाची हाडे, रक्त आणि जिभेची आवड घडते.

बालपणी मुलासाठी पालक निवडतात. पुढे ते मूल स्वतः निवडू लागते, तेव्हा त्याच्याजवळ पालक नसतात. असते ती केवळ त्यांनी लावलेली आवड. वसतिगृहाच्या खोलीत, परक्या शहरात, वडिलार्जित मालमत्तेपेक्षाही ही आवड त्याच्या अधिक उपयोगी पडणार आहे. ती घडविण्याचे काम मोठ्या समारंभाने होत नाही. उद्या सकाळी डबा भरताना, एक पाकीट बाजूला ठेवून आणि एक पेरू आत ठेवून, त्याचा आरंभ करता येतो.